जुन्या इलेक्ट्रॉनिक चर्च-कॅरिलॉनचं पुनरुज्जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक कॅरिलॉन म्हणजे नेमकं काय?

कॅरिलॉन म्हणजे कळपट्टीने वाजवायचा, मनोऱ्यातल्या घंटांचा संच. इलेक्ट्रॉनिक कॅरिलॉन तसाच घंटानाद घंटांशिवाय काढतं. चर्चच्या तळघरात किंवा ऑर्गनमागच्या खोलीत एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट असतं. दार उघडलं की आत बोटभर ते हातभर लांबीच्या धातूच्या सळया ओळीने बसवलेल्या दिसतात. प्रत्येक सळईसमोर एक चिमुकली हातोडी आणि जवळच एक पिकअप. कळपट्टीवरची पट्टी दाबली की सोलेनॉइड (वीज मिळताच दांडा ढकलणारी तारेची गुंडाळी) हातोडीला ढकलतो आणि सळई वाजते. तिचा आवाज इतका बारीक, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो ऐकूही येत नाही. पिकअप ती कंपनं उचलतो, अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि मनोऱ्यातल्या कर्ण्यांतून घंटानाद गावभर जातो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. इथे सूर धातूतच जन्मतो, वीज तो फक्त मोठा करते. त्यामुळे सळया हे वाद्य आणि बाकी सारी यंत्रणा त्यांच्या सेवेला. काय जपायचं आणि काय बदलायचं, याचे पुढचे सगळे निर्णय यावरूनच ठरतात.

पण याला कॅरिलॉन म्हणता येतं का?

वादकांच्या संघटनांच्या मते नाही. उत्तर अमेरिकेतल्या कॅरिलॉनवादकांच्या गिल्डची व्याख्या काटेकोर आहे: ओतीव कांस्याच्या, सुरात लावलेल्या किमान २३ घंटा हव्यात आणि ठोक्याचा जोर वादकाच्या हातात हवा. ही व्याख्या रास्त आहे. नेदरलँड्समधल्या झुटफेन इथे १६४४ मध्ये हेमोनी बंधूंनी पहिला नीट सुरात लावलेला घंटासंच बसवला, तिथपासूनची परंपरा तिच्यामागे आहे.

माझ्या मते इलेक्ट्रॉनिक कॅरिलॉन हे वेगळं वाद्य आहे आणि वेगळं म्हणूनच ते जपायला हवं. नक्कल समजून त्याच्याकडे पाहिलं, की पहिल्या बिघाडालाच ते भंगारात निघतं.

इतक्या चर्चनी ते का बसवलं?

खऱ्या घंटांचं वजन आणि खर्च पाहा. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ७४ घंटांचं कॅरिलॉन आहे आणि त्यातली सर्वांत मोठी घंटा एकटीच सुमारे १८ टनांची आहे. एवढा भार पेलणारा मनोरा किती चर्च-मंडळ्यांना परवडणार? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नव्या वस्त्यांमध्ये भराभर चर्च उभी राहिली. त्यांतल्या अनेकांना मनोराच नव्हता, असला तरी नावापुरता. कपाटात मावणारा घंटानाद त्यांच्या फार उपयोगी पडला.

या व्यवसायात पेनसिल्व्हेनियातल्या सेलर्सव्हिलची शुल्मेरिक कंपनी आणि कॅलिफोर्नियातली मास-रो ही दोन नावं तुम्हाला वारंवार भेटतील. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात कोका-कोलाच्या दालनावर शुल्मेरिकचं प्रचंड इलेक्ट्रॉनिक कॅरिलॉन वाजत होतं. पुढे ते जॉर्जियातल्या स्टोन माउंटन पार्कमध्ये हलवलं गेलं.

आमच्याकडचं यंत्र कोणत्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखायचं?

आत सळया दिसल्या तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सळया नसून फक्त टेप किंवा काडतुसासारख्या कॅसेट असतील, तर ते ध्वनिमुद्रण वाजवणारं यंत्र आहे. नुसती सर्किट बोर्डं असतील तर नंतरच्या काळातलं डिजिटल. सळया मोजा: पंचवीस म्हणजे दोन सप्तकं आणि वर एक सूर. मोठ्या संचांत सळयांच्या अनेक रांगा असतात आणि त्यांना फ्लेमिश बेल, हार्प, सेलेस्टा अशी स्वतंत्र नावं दिलेली आढळतात. नावाची पट्टी आणि अनुक्रमांक बहुधा दाराच्या आत किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या चौकटीवर असतो.

दुरुस्त करण्याजोगं आहे की नाही, हे कशावरून ठरवावं?

आधी सळया पाहा. त्या सर्व जागेवर असतील, कोणी घासल्या-कापल्या नसतील, तडे नसतील, तर यंत्र वाचवता येतं. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जळालेला असला तरी बिघडत नाही, तो नव्याने उभारता येतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळतो. सोलेनॉइडची गुंडाळीही तशीच. कर्णे तर नवे मिळतात.

चार-पाच सळया गहाळ असतील तर काम अवघड होतं, पण अशक्य नाही. तेवढ्या सुरांसाठी त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या यंत्राचा शोध घ्यावा लागतो. अख्खी रांगच नसेल, तर ते यंत्र दुसऱ्या कोणाला सुट्या भागांसाठी द्यावं, असं मी स्पष्ट सांगेन.

बरीच वर्षं बंद आहे. एकदा चालू करून पाहिलं तर?

करू नका, अगदी क्षणभरही नको. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे डबे) आतून सुकलेले असतात. विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळताच ते शॉर्ट होतात आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. कंडेन्सर कधीही मिळतो, मूळ ट्रान्सफॉर्मर मिळवणं कठीण.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा जिवाचा आहे. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ६०० व्होल्ट एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवू शकतात. आत हात घालण्याआधी प्रत्येक मोठा कंडेन्सर काही हजार ओहमच्या, पाच-दहा वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मल्टिमीटरने शून्य पाहून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून द्या. चालू यंत्रावर मापन करायचंच असेल तर एक हात खिशात ठेवा आणि खोलीत दुसरं माणूस हजर असू द्या. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) यंत्रांचा सराव नसेल, तर एवढा भाग जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवा. सळया, हातोड्या आणि गीतं वाजवणारे छिद्रांचे कागदी रोल यांचं काम तुम्हालाही करता येईल, तेही भरपूर आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

कॅमेऱ्यापासून. सुटा करण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रं घ्या, दोन बाजूंनी, पुरेशा उजेडात. वायरींना चिठ्ठ्या बांधा. कपाटाच्या तळाशी पडलेला स्क्रू, नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) चकती, कागदाचा कपटा यांतलं काहीही झाडून टाकू नका. पूर्वीच्या तंत्रज्ञांनी दारावर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी, रोलच्या डब्यावरची हस्ताक्षरं, सर्किटचा घड्या पडलेला कागद हेही त्या यंत्राचेच भाग आहेत. सर्किटचा कागद असेल तर आधी त्याची प्रत काढून घ्या.

एक कसोटी विजेशिवायच करून बघा. पेन्सिलीच्या रबराने एकेक सळई हलकेच टिचकावा आणि कान जवळ नेऊन ऐका. निरोगी सळई बराच वेळ गुणगुणत राहते. जी लगेच विझते तिला काहीतरी चिकटलंय, तिची पकड ढिली झालीय किंवा तडा गेलाय. या पाहणीत निम्मं निदान होऊन जातं.

अ‍ॅम्प्लिफायरमधलं काय काय बदलावं?

फिल्टरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. जुने हळूहळू दाब वाढवून पुन्हा घडवता येतात, असं काहीजण सांगतात आणि ते खरंही आहे. पण रोज ठरलेल्या वेळी, माणूस जवळ नसताना वाजणाऱ्या यंत्रात ती जोखीम मी घेणार नाही.

मेणकागदाचे कपलिंग कंडेन्सरही (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे संकेत नेणारे) सरसकट बदला. त्यांतून थोडी जरी गळती झाली, तरी पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतल्या नियंत्रक जाळीवर) धन दाब चढतो, व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आवाज ठीक येतोय म्हणून हे कंडेन्सर ठीक आहेत असं धरू नका.

कार्बन रेझिस्टर मोजून पाहा आणि २० टक्क्यांहून जास्त सरकलेलेच बदला. रबरी आवरणाच्या वायरी वाकवल्यावर भुगा होत असतील तर त्या भागाचं वायरिंग नवं करा. अमेरिकेत १९७९ मध्ये पीसीबी रसायनांच्या उत्पादनावर बंदी आली. त्याआधीच्या तेलभरल्या कंडेन्सरमध्ये ती असू शकतात, म्हणून गळणारा डबा हातमोजे घालून काढा आणि घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच द्या. चौरस पत्र्यांचा सेलेनियम रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारी वीज एकदिश करणारा भाग) असेल तर तोही बदला. तो जळताना निघणारा वायू विषारी असतो. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड बसवताना जोडीला एक रेझिस्टर लागतो, कारण डायोडमध्ये दाब कमी पडतो आणि पुढचा व्होल्टेज वाढून बसतो.

हे सगळं झाल्यावर पहिली वीज मालिकेत जोडलेल्या ६० ते १०० वॅटच्या साध्या बल्बमधून द्या. आधी व्हॉल्व्ह काढून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला भार नसताना कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत दाब चढून ती फुटते. चाचणीसाठी कर्ण्यांच्या जागी मोठा रेझिस्टर जोडा. ७० व्होल्टच्या लाइनवर चालणाऱ्या ६० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो साधारण ८३ ओहमचा हवा.

व्हॉल्व्ह अजून मिळतात का?

हो. ६एल६, ६५५०, १२एएक्स७ यांसारखे प्रचलित व्हॉल्व्ह गिटार आणि हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायरमुळे आजही नव्याने बनतात. मूळचे व्हॉल्व्ह टेस्टरवर चांगले निघाले तर तेच वापरा.

घुमणारा हम जात नाही. कुठे शोधावं?

हम कोणत्या पट्टीतला आहे ते ऐका. ६० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात १२० हर्ट्झचा हम असेल तर दोष फिल्टर कंडेन्सरकडे. ६० हर्ट्झचा असेल तर अर्थिंग, पिकअपच्या वायरीचं जाळीदार आवरण किंवा व्हॉल्व्हच्या तापकाची वायरिंग तपासा. आणि पहिला व्हॉल्व्ह पेन्सिलीने टिचकावून पाहा. टिचकी कर्ण्यात ऐकू आली तर तोच बदला.

सळया काळ्या पडल्या आहेत. घासून चकचकीत करू का?

नका करू. सगळ्यांत जास्त कळकळीने सांगावीशी वाटते ती हीच गोष्ट.

घंटेचा धातू म्हणजे तांबं आणि कथिल, साधारण चारास एक. वर चढणारी काळसर झाक त्याला इजा करत नाही. पॉलिशने किंवा बारीक पॉलिश कागदाने घासलं की धातूचा थर निघतो आणि त्याबरोबर सूर सरकतो. एका टोकाला पकडलेल्या सळईचं गणित सोपं आहे: मोकळ्या टोकाकडचा धातू कमी झाला की सूर चढतो, बुडाशी कमी झाला की उतरतो. हात सगळीकडे सारखा चालत नाही, म्हणून घासलेल्या संचातला प्रत्येक सूर आपापल्या दिशेने भरकटतो. मूळ कारखान्यात कोणीतरी कानाने आणि कानसीने तासलेलं काम अर्ध्या तासात पुसलं जातं.

मऊ ब्रशने धूळ झाडा. चिकट थर असेल तर सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. त्यापलीकडे जाऊ नका.

या सळयांना घंटेसारखं कसं वाजवलं असेल, हे समजलं तर त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. खरी घंटा एकच सूर देत नाही. ठोक्याच्या षड्जाखाली खर्जातला षड्ज असतो, वर कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. तो कोमल गंधार घंटेच्या अंगातच असतो, म्हणून आनंदाच्या गीतातही घंटानाद किंचित गंभीर वाटतो. उलट, एका टोकाला पकडलेल्या साध्या, एकसारख्या जाडीच्या सळईचे उपस्वर मूळ सुराच्या ६.२७ पट आणि १७.५५ पट कंपनसंख्येवर पडतात. घंटेशी त्यांचा काही संबंध नाही. मग उत्पादकांनी सळईचा आकार बदलला, एका सुरासाठी एकाहून अधिक सळया वापरल्या, नको तो उपस्वर कमी उचलला जाईल अशा जागी पिकअप बसवला. म्हणून पिकअपची जागा एका केसानेही हलवण्याआधी ती मोजून, लिहून ठेवा.

एक-दोन सूर खरंच बेसूर आहेत. काय करावं?

आधी पकडीचा स्क्रू पाहा. पकड ढिली झाली की सूर उतरतो, कारण सळईची प्रभावी लांबी वाढते. मग सळईवर चिकटलेलं काही आहे का ते बघा: गंजाचा पोपडा, सुकलेलं वंगण, कोळ्याचं घर. टोकाशी जरासं वजन वाढलं तरी सूर उतरतो. यानंतरही फरक राहिला तर बाकीच्या सुरांशी ताडून बघा. सगळा संचच ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या मापापासून सारखाच दूर असेल तर तो तसाच बनवलेला आहे, त्याला हात लावू नका. खरोखर एकटीच सळई चुकत असेल, तरच कानस हातात घ्या आणि तेही घंटा लावण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडून.

वाजताना कडकड, खरखर येते. पाऊस-धुक्याच्या दिवसांत जास्तच.

हवामानाशी संबंध आहे म्हणजे तुमचे पिकअप बहुधा कपॅसिटिव्ह आहेत. त्यांत सळई आणि समोरची पट्टी मिळून एक कंडेन्सर बनतो. त्यावर एकदिश दाब ठेवलेला असतो आणि सळई थरथरली की फटीबरोबर विद्युतभार बदलतो. हा संकेत इतका क्षीण असतो की इन्सुलेटरवर धुळीचा ओलसर थर साचला तरी तो गळून जातो. इन्सुलेटर अल्कोहोलने पुसा, कोरडे होऊ द्या आणि नंतर त्यांना बोट लावू नका. बोटांच्या तेलावर पुन्हा धूळ बसते. कपाटात थोडी ऊब राहील अशी व्यवस्था मूळ रचनेत असेल तर ती पुन्हा चालू करा.

पिकअप चुंबकीय असतील तर कारण वेगळं. त्यांच्या फटीत लोखंडाचा बारीक कीस अडकतो. चिकटपट्टीच्या तुकड्याने तो टिपून घ्या. फुंकर मारून जात नाही.

हातोड्या अडखळतात किंवा दोनदा वाजतात.

अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा वंगण. पूर्वी कोणीतरी सद्भावनेने सोलेनॉइडच्या दांड्याला तेल घातलेलं असतं आणि वर्षानुवर्षांत त्याचा डिंक झालेला असतो. दांडा काढा, अल्कोहोलने नळी आणि दांडा स्वच्छ करा आणि कोरडाच परत बसवा.

दोनदा वाजण्याचं कारण परतीचा नमदा. तो दबून कडक झाला की हातोडी मागे आदळून पुन्हा पुढे येते. नवा नमदा त्याच जाडीचा आणि त्याच घनतेचा घ्या. हातोडीच्या टोकाचं रबर, चामडं किंवा नायलॉन जे मूळचं असेल तेच वापरा. कठीण टोकाने उपस्वर तिखट होतात, मऊ टोकाने ठोका बोथट होतो. एक चांगली हातोडी नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि बाकीच्या तिच्याबरोबर कानाने जुळवत जा. यंत्राचं सगळं चारित्र्य इथे ठरतं, घाई करू नका.

संपर्कपट्ट्या साफ करायला पॉलिश कागद नको, त्याचे कण चांदीच्या मुलाम्यात रुततात. संपर्क घासण्याची खास पोलादी पट्टी किंवा अल्कोहोलमध्ये बुडवलेला जाड कागदाचा तुकडा पुरतो. गुंडाळ्यांवर डायोड नसतील तर प्रत्येकीला उलट दिशेने एक बसवा म्हणजे ठिणग्या पडून संपर्क जळणार नाहीत. मात्र सोलेनॉइडचा पुरवठा एकदिश आहे याची आधी खात्री करा.

छिद्रांचे रोल फाटले आहेत. टाकून द्यावेत का?

मुळीच नाही. बऱ्याच मंडळ्यांत यंत्रापेक्षा रोलच मोलाचे ठरतात, कारण त्यांवर त्या काळच्या वादकांनी कॅरिलॉनसाठी रचलेल्या गीतांच्या मांडणी आहेत. रोल फिरतो, छिद्र आलं की स्प्रिंगची पत्र्याची बोटं खालच्या धातूच्या रुळाला टेकतात आणि तो सूर वाजतो.

फाटलेला कागद जतनासाठी बनवलेल्या पातळ पट्टीनेच जोडा. साध्या चिकटपट्टीचा डिंक पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. बोटं आणि रूळ अल्कोहोलने पुसा. एखादं बोट वाकलेलं असेल तर तोच सूर प्रत्येक गीतात गहाळ राहील, त्यावरून ते लगेच सापडतं.

दुरुस्त केलेला रोल पहिल्यांदा लावाल तेव्हाच त्याची डिजिटल नोंद करून घ्या. स्कॅन करण्यापेक्षा बोटांचे संपर्क कधी जुळले आणि कधी सुटले, हे छोट्या मायक्रोकंट्रोलरने टिपणं जास्त भरवशाचं. त्यातून मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजवायचा याची संगणकी नोंद) बनते आणि पुढे रोल न झिजवता तीच मांडणी त्याच हातोड्यांवर वाजवता येते. मधे ऑप्टोकपलर (दोन सर्किटं न जोडता प्रकाशाने संकेत पोचवणारे भाग) हवेतच, सोलेनॉइडचा उलटा झटका मायक्रोकंट्रोलर सहन करत नाही.

घड्याळ मागे पडतं.

अमेरिकेत बनलेली ही घड्याळं ६० हर्ट्झच्या सिंक्रोनस मोटरवर चालतात. ५० हर्ट्झच्या विजेवर तीच मोटर तासाला दहा मिनिटं मागे पडते. रोलची मोटरही तशीच मंदावते, पण सूर बदलत नाही, फक्त लय रेंगाळते, कारण सूर सळयांत आहे. टेपच्या यंत्रात सूरही उतरला असता. दुसऱ्या देशात आणलेल्या यंत्राला नुसता व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, वारंवारताही जुळवावी लागते. मूळचे ट्रान्सफॉर्मरही ५० हर्ट्झवर अधिक तापतात.

वीज योग्य असून घड्याळ अडत असेल तर गिअरमधलं जुनं वंगण काढून हलकं घड्याळाचं तेल एकेक थेंब द्या. चोवीस तासांच्या चकतीवर बसवलेल्या खुंट्या कोणत्या वेळांना आहेत, ते काढण्याआधी लिहून घ्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा अशा असतील, तर तिथे अँजेलस या कॅथलिक प्रार्थनेची घंटा वाजत होती.

मनोऱ्यातले कर्णे तपासताना काय पाहावं?

प्रथम चढण्याची सुरक्षितता: पट्टा, सोबती, कोरडा दिवस. आणि कर्ण्यासमोर असताना खाली कोणी यंत्र चालू करणार नाही, याची पक्की व्यवस्था. मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा.

कर्ण्यात पक्ष्यांची आणि गांधीलमाश्यांची घरटी मिळतील. तोंड किंचित खाली झुकलेलं हवं, नाहीतर पाणी ड्रायव्हरपर्यंत (कर्ण्यामागच्या, आवाज काढणाऱ्या भागापर्यंत) जातं. लाइन तपासायला साधा मल्टिमीटर फसवतो. तो कर्ण्यांना जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचा रोध दाखवतो, प्रत्यक्ष भार नाही. त्यासाठी इम्पीडन्स मीटर लागतो. चार कर्णे १५ वॅटच्या टॅपवर (कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीवर) म्हणजे ६० वॅट. ही बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेपेक्षा जास्त भरता कामा नये.

हे सगळं काढून नवी डिजिटल पेटी बसवली तर स्वस्त नाही का पडणार?

पडेल. आणि मंडळीला फक्त वेळेवर घंटा हवी असेल तर तो निर्णय चुकीचाही नाही. डिजिटल पेटीत खऱ्या घंटांची ध्वनिमुद्रणं असतात, ती सुरेख वाजतात आणि देखभाल जवळजवळ लागत नाही.

तरी सळया आणि हातोड्या जागेवर ठेवा, असा माझा आग्रह आहे. नवी पेटी जुन्या कर्ण्यांना जोडायची तर मधे एक बदलस्विच लावा, वायरी कापू नका. ध्वनिमुद्रित घंटा प्रत्येक वेळी सारखीच वाजते. सळईवर आधीचा सूर अजून विझलेला नसताना पुढचा ठोका पडतो, शेजारच्या सळया हलक्या शहारतात आणि तेच गीत दर वेळी किंचित निराळं उमटतं. ज्यांनी हा आवाज वर्षानुवर्षं ऐकलाय, त्यांना फरक लगेच कळतो.

शेजाऱ्यांची तक्रार येईल का?

येऊ शकते, विशेषतः दीर्घ शांततेनंतर. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २००९ मध्ये एका चर्चच्या इलेक्ट्रॉनिक घंटानादावरून तिथल्या बिशपना आवाजाच्या नियमाखाली दोषी ठरवलं गेलं. पुढच्या वर्षी फेडरल न्यायालयाने धार्मिक घंटानादाला तो नियम लावण्यास मनाई केली. प्रकरण तिथवर जायला नको असेल तर चालू करण्याआधी परिसरात कळवा, वेळा जाहीर करा, रात्रीचे ठोके बंद ठेवा. आवाज मनोऱ्याखाली उभं राहून ठरवू नका, सर्वांत जवळच्या घराच्या दारात उभं राहून ठरवा.

पूर्ण झाल्यावर देखभाल काय?

वर्षातून एकदा कपाट उघडून धूळ, नमदे आणि संपर्क पाहणं, व्हॉल्व्हचा बायस (ग्रिडवरचा ठरावीक दाब) मोजणं, कर्णे तपासणं. बदललेल्या प्रत्येक भागाची यादी तारखेसह लिहा. काढलेले मूळ भाग, पीसीबी असलेले सोडून, चिठ्ठी लावून एका खोक्यात ठेवा. सर्किटची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराच्या आत अडकवा. पुढच्या खेपेला दार उघडणारा माणूस तुम्हाला भेटलेला नसेल, त्याला ती तिथेच सापडायला हवी.